रोज चार लिटर पाण्याने वजन खरंच उतरतं का?

मैत्रेयी_ठाणे (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या महिला गटात सध्या 'रोज चार लिटर' हा उपक्रम जोरात आहे. एक लिटरची बाटली चारदा भरायची, रात्री रिकाम्या बाटलीचा फोटो गटावर टाकायचा आणि महिनाअखेरीस वजन कळवायचं. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गटात साठीच्या पुढच्या बायका आहेत, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आहेत, आणि त्यांना ठणकावून सांगितलं जातंय की पाण्याने चरबी धुऊन निघते. हे मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

चरबी धुऊन निघत नाही, ती जळावी लागते. आणि जळल्यावर कुठे जाते? 2014 साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याचा हिशेब मांडला होता. 10 किलो चरबी जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. बाटल्या वाढवल्याने हा हिशेब बदलत नाही.

'रोज आठ ग्लास पाणी प्या' या सल्ल्याचं मूळ बहुधा अमेरिकेतल्या 1945 च्या एका शिफारशीत आहे. तिथल्या आहार मंडळाने रोज साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य लोक विसरले. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने 2002 मध्ये सगळं साहित्य धुंडाळलं. निरोगी माणसाने रोज आठ ग्लास प्यायलाच हवेत याला त्याला कुठेच पुरावा सापडला नाही. आपला भात शिजल्यावर दोन तृतीयांश पाणीच असतो. वरण, आमटी, ताक, काकडी, कलिंगड यांचं पाणी कोणी मोजतच नाही.

माझं मत सरळ आहे. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावं. वजनासाठी ताट बघावं, बाटली नव्हे.

अभिजित_नाशिक

मैत्रेयीताई, चार लिटरच्या हट्टाबद्दल सहमत. बाकी लेखाशी नाही. पाण्याने वजन उतरायला मदत होते, आणि त्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये 55 ते 75 वयाच्या लठ्ठ लोकांचे दोन गट केले. कमी कॅलरीचा आहार दोघांनाही सारखाच, फक्त एका गटाने तिन्ही जेवणांआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. 12 आठवड्यांत त्या गटाचं वजन सुमारे 2 किलोने जास्त उतरलं. हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2015 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला 84 जणांवर तशीच चाचणी झाली, तिथे फरक 1.3 किलोच्या आसपास आला. जादू नाही, कबूल. पण फुकट आहे, गोळी नाही, उपास नाही.

मी स्वतः करतो. ऑफिसात पाच वाजता चहा आणि फरसाणाची बशी फिरते. बशी यायच्या आधी मोठा ग्लासभर पाणी पितो आणि मग मूठभर घेऊन थांबता येतं. रात्रीच्या जेवणात तिसऱ्या पोळीकडे हात जात नाही. तुम्ही म्हणता ताट बघा. मी तेच म्हणतोय, पाण्यामुळे ताट बघणं सोपं जातं.

वैद्य_सावंतवाडी

अभिजितजी म्हणतात ते आमच्याकडे फार जुनं आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात ओळ आहे: 'समस्थूलकृशा भक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः'. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो.

पण तिच्या आधीची ओळ कोणी सांगत नाही: 'ऋते शरन्निदाघाभ्यां पिबेत् स्वस्थोऽपि चाल्पशः'. शरद आणि ग्रीष्म सोडून निरोगी माणसानेसुद्धा पाणी थोडंच प्यावं. म्हणजे जेवणाआधी पाणी प्या, हा अभिजितजींचा मुद्दा आणि उगाच जास्त पिऊ नका, हा मैत्रेयीताईंचा मुद्दा, दोन्ही तिथे शेजारीशेजारी आहेत. माझ्याकडे येणारे बरेच जण सकाळी अनशापोटी दीड-दोन लिटर पाणी एका दमात पितात आणि मग भूकच लागत नाही, मळमळतं म्हणून तक्रार करतात. त्यांना मी पहिल्यांदा हे थांबवायला सांगतो. ऋतू, काम, पचन बघून पाणी ठरवा. कोकणातल्या श्रावणात आणि विदर्भातल्या मे महिन्यात एकच माप कसं चालेल?

अभिजित_नाशिक

वैद्यबुवा, ऋतूचं मान्य. पण जेवणानंतरच्या पाण्याने माणूस जाड होतो याला आजच्या चाचण्यांचा आधार आहे का? शेवटी घोटभर पाणी प्यायल्याने कॅलरी वाढत नाही. तो भाग मी घेत नाही.

आणखी एक. मैत्रेयीताई, पाणी प्यायल्यावर चयापचय वाढतो, हे तुम्ही लिहिलंच नाही. बर्लिनमध्ये 2003 साली मोजलं आहे, अर्धा लिटर पाण्यानंतर 30 टक्के वाढ.

मैत्रेयी_ठाणे

मुद्दाम लिहिलं नव्हतं, आता लिहिते. ती 30 टक्के वाढ तासा-दीड तासापुरती होती. संशोधकांच्याच हिशेबाने अर्ध्या लिटरमागे 100 किलोज्यूल, म्हणजे 24 कॅलरी. एक चमचा साखरेत 20 असतात. शिवाय 2006 मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच प्रयोग केला तेव्हा साध्या पाण्याने काहीच वाढ दिसली नाही, अगदी गार पाण्याने जेमतेम साडेचार टक्के. हे घरीही ताडून बघता येतं: 22 अंशांचं अर्धा लिटर पाणी 37 अंशांपर्यंत तापवायला साडेसात कॅलरी लागतात. एवढ्यावर कोणी वजन उतरवायची आशा लावू नये.

जेवणाआधी पाणी पिऊन चार घास कमी जात असतील तर जरूर प्या. पण दोन्ही चाचण्या लठ्ठ, मध्यमवयीन आणि त्यापुढच्या लोकांवर झाल्या आहेत. आमच्या गटातल्या तिशीच्या बारीक मुलीसुद्धा चार लिटर पितायत.

सिस्टर_मिरज

मी डायलिसिस विभागात काम करते. एवढंच सांगायला लिहितेय, कृपया सगळ्यांनी वाचा.

आमच्या काही रुग्णांना दिवसाला एक लिटरची मर्यादा असते. एक काका घरून बाटली आणतात, तिच्यावर मार्करने रेघा मारलेल्या. सकाळचा चहा ओतला की एक रेघ खाली, आमटीची वाटी झाली की अजून एक. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळतात, आणि तोही मोजतात. हृदय कमजोर असलेल्यांचंही असंच. 'सगळ्यांनी चार लिटर प्या' असा मेसेज अशा माणसाच्या फोनवर येतो. घरातला कोणी प्रेमाने आग्रह करतो, दोन दिवसांत पायावर सूज आणि छातीत पाणी घेऊन माणूस दाखल होतो.

दुसरं, बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे वयस्क. या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम आधीच उतरत असतं. वर भरपूर पाणी आणि मीठ कमी केलेलं जेवण. मग आजी एकाएकी असंबद्ध बोलायला लागते, तोल जातो, घरच्यांना वाटतं पक्षाघात झाला. तपासलं की सोडियम खाली गेलेलं असतं. तरुणांनाही होतं हे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात धावताना पाणी पिऊन वजन वाढलेले जास्त होते.

निरोगी मूत्रपिंड तासाला साधारण लिटरच्या आतबाहेरच पाणी बाहेर टाकू शकतं. रात्री फोटो टाकायचा राहिला म्हणून दहा वाजता उरलेलं दीड लिटर संपवू नका.

उलट बाजूही सांगते. म्हातारपणी तहानच कमी लागते. म्हणून सत्तरीच्या निरोगी आजोबांना 'तहान लागली की प्या' हे पुरत नाही, त्यांच्या हातात दर थोड्या वेळाने पेला द्यावा लागतो.

वाहक_ताई

मैत्रेयीताई, राग मानू नका, पण 'तहानेप्रमाणे प्या' हे ज्यांच्या दारात संडास आहे त्यांनी म्हणावं.

मी बसवर वाहक आहे. पहाटे पाचची ड्यूटी असली की घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेते. तहान लागते, चांगली लागते, पण मी पीत नाही. ज्या थांब्यावर दहा मिनिटं मिळतात तिथल्या बायकांच्या शौचालयाला कडी नाही. एक मैत्रीण दाराबाहेर उभी राहिली तर आत जाता येतं, ती नसली तर पुढच्या आगारापर्यंत दम धरायचा. मे महिन्यात पत्र्याची बस, तिकीट मशीन हातात तापलेलं, आणि पर्समधली बाटली भरलेली तशीच परत येते. लघवीला जळजळ आमच्यात कोणाला नाही विचारा. डॉक्टर दरवेळी अँटिबायोटिक देतात आणि म्हणतात पाणी वाढवा.

माझ्यासारख्या किती आहेत बघा. नाक्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या, शाळेतल्या बाई, पोलीस, ऊसतोडीला गेलेल्या. मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायका 2011 पासून बायकांच्या शौचालयांसाठी भांडतायत. तुम्ही म्हणताय लोक जास्त पाणी पितात. आमचं उलट आहे. कोणी आम्हाला दोन लिटर प्या म्हणून दामटलं आणि त्यासाठी जागा करून दिली तर मी त्याचे पाय धरीन.

डॉ_संगमनेर

वाहकताईंच्या बाजूने. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या, आणि मुळात दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या 140 बायकांवर वर्षभर चाचणी झाली. अर्ध्या जणींनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. 2018 मध्ये हे प्रसिद्ध झालंय. मैत्रेयी, 'जास्त पाण्याने काही होत नाही' असा अर्थ या धाग्यातून जाता कामा नये.

खानदेशी_केळी

मुतखड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कळ आली की माणूस जमिनीवर लोळतो, ती वेदना शत्रूलाही नको. जळगावच्या उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्याच्या घामातच सगळं पाणी जातं. इटलीत पहिल्यांदा खडा झालेल्या 199 लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. पाणी वाढवलेल्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. माझ्या डॉक्टरांनी किती प्यायचं ते सांगितलंच नाही. म्हणाले, दिवसभरात लघवी दोन ते अडीच लिटर व्हायला हवी, त्यासाठी जेवढं लागेल तेवढं प्या. उन्हात पाच लागेल, पावसात तीनात भागेल. मला हे माप फार पटलं.

पूर्णाकाठ

सगळे किती प्यावं यावर बोलून राहिले. कोणतं प्यावं, ते बोला ना.

आमचा खारपाण पट्टा. अकोला, बुलढाणा, अमरावती, पूर्णेच्या खोऱ्यातली गावं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. किडनीचे पेशंट घरोघरी आहेत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो वीस लिटरचा जार घेतो. मजुराच्या घरी जार आला तरी तो पोरांसाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, शेतावर जाताना कॅनमध्ये खारं पाणीच जाते. अशा घरात 'पाणी जास्त प्या' असं सांगणाऱ्याने आधी नळाचं बोलावं. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते साऱ्या राज्याने पाहिलं. आमच्याकडे पाणी दिसते, म्हणून कोणाला दुष्काळ वाटत नाही.

मैत्रेयी_ठाणे

वाहकताई, राग कसला. तुम्ही आणि पूर्णाकाठ यांनी लिहिलं ते गटात वाचून दाखवणार आहे. 'निरोगी माणूस' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पाणी आणि शौचालय दोन्ही हाताशी असलेला माणूस होता, तेवढ्यापुरतंच माझं वाक्य वाचावं.

वजनाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. पाण्याचा मोठा फायदा ते कशाच्या जागी येतं यात आहे. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे 160 कॅलरी. 300 मिलीच्या कोला बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर. यांच्या जागी पाणी आलं तर फरक पडेल. चहा, सरबत, कोला तसंच ठेवून वर चार लिटर ओतलं तर फक्त बाथरूमच्या खेपा वाढतील.

गटासाठी नवा मेसेज लिहिलाय: 'चार लिटर आणि फोटो बंद. दिवसातले दोन गोड पेले काढून तिथे पाणी. किडनी, हृदय, बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचं प्रमाण बदलायचं नाही.'

सिस्टर_मिरज

शेवटची ओळ पहिली घ्या. लोक मेसेज पूर्ण वाचत नाहीत.

अभिजित_नाशिक

आणि 'जेवणाआधी एक-दोन ग्लास' ही ओळ का गाळली? चाचण्यांत उतरलेली तीच एक गोष्ट आहे. गोड पेय काढणं सगळ्यांना जमतं असं नाही, जेवणाआधी ग्लास उचलणं जमतं. मी तरी हे सोडणार नाही आणि कोणी विचारलं तर हेच सांगणार.

मैत्रेयी_ठाणे

सिस्टर, ओळ वर घेतली. अभिजित, तुमची ओळ 'ज्यांना वजन उतरवायचं आहे त्यांनी' असं लिहून घालते. बारीक मुलींना ती नको, यावर मी ठाम आहे.

वाहक_ताई

तुमच्या गटात साठ-सत्तर बायका असतील ना? मग एक अर्जही लिहा. तुमच्या रिक्षा स्टँडवरचं बायकांचं शौचालय उघडं असतं का, कडी आहे का, पाणी येतं का, एवढं बघून या आणि नसेल तर सगळ्यांच्या सह्या घेऊन प्रभाग कार्यालयात द्या. मसुदा हवा असेल तर माझ्याकडे आहे, आमच्या थांब्यासाठी दिलेला. कडीचं काम अजून झालेलं नाही, पण बल्ब बसलाय.