गोळी आणि उंची

'एडीएचडीच्या (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) गोळीने मुलाची उंची खुंटेल' ही तुमची भीती अगदीच निराधार नाही. एडीएचडीच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात नव्याने औषध सुरू केलेली मुलं तीन वर्षांनी, औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंमी मागे होती. पण शाळेतून रोज येणाऱ्या तक्रारी आणि एकही मित्र न टिकणं हेही तराजूत टाका ना! मिथाइलफेनिडेटने (म्हणजे याच गोळीतल्या औषधाने) दुपारची भूक मरते, डबा तसाच परत येतो. आम्ही गोळीआधी भरपेट थालीपीठ-अंडं देतो, आणि असर उतरला की रात्री पुन्हा जेवण (आजी यावर खूश). दर सहा महिन्यांनी उंची-वजन तक्त्यावर मांडून घ्या. रेष घसरली, तर डोस कमी करायचा की सुट्टीत गोळी थांबवायची, हे डॉक्टरांशीच बोला.