वाशिष्ठी खाडीचं मॉडेल: कोयनेचं पाणी कसं धरायचं?

प्रश्न
गोवळकोट ते दाभोळ, वाशिष्ठी खाडीच्या खारेपणाचं मॉडेल करतेय. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटतात, खारं पाणी वर चढत जातं. आमच्याकडे कोयनेचं पाणी वीज करून कोळकेवाडीच्या वीजघरातून भर मे महिन्यातही नदीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) दिलंय, म्हणजे वर्षभराची सरासरी सेकंदाला साधारण ६० घनमीटर. तेवढं बारा महिने घातलं की खाडी शांत, निमखारी दिसते. पण आमच्या वाडीतल्या बायका ओहोटीला तिसऱ्या (खाण्याच्या शिंपा) काढायला जातात तेव्हा मधूनच सडा पडलेला असतो, सगळ्या शिंपा उघड्या, मेलेल्या. हे मॉडेलमध्ये येतच नाहीये. पुढे पाऊस आणि समुद्राची पातळी बदलून बघायची, तर आधी हे जमायला हवं.

उत्तर १
ताई, घोळ सरासरीत आहे. वीजघर मागणीप्रमाणे चालतं: काही तास संच जोरात, मग बंद. तासातासाचा विसर्ग घाला. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे संध्याकाळी सोडलेलं पाणी कधी भरतीला भिडतं, कधी ओहोटीबरोबर थेट खाली धावतं. तिसरीला गोड्या पाण्याचा असा अचानक लोंढा सोसत नाही.
हवामानाचं म्हणाल तर नुसता चिपळूणचा पाऊस बदलून भागणार नाही. कोयना भरते महाबळेश्वर-साताऱ्याच्या पावसावर. तिकडे ओढ दिली की टेंभू-ताकारी या पूर्वेकडच्या उपसा सिंचन योजनांची मागणी वाढते आणि इकडे यायचं पाणी घटतं. आधी पाऊस तोच ठेवून विसर्गाच्या वेळा बदला, मग उलट करून बघा. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

उत्तर २
मी खाडीत जाळं लावतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी ढवळून एक होतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, वर गोडं, तळाला खारं, आणि कारखान्यांचं सांडपाणी आलंच तर तेव्हा लवकर निघून जात नाही. वरवरचं पाणी मोजून काही कळायचं नाही, बाटली तळातून भरा.

प्रश्नकर्ती
काका, हे फार मोलाचं सांगितलंत. माझं मॉडेल खोलीभर एकच खारेपणा धरतं, म्हणजे भांगाचे दिवस त्यात नाहीतच! थर पाडून पुन्हा मांडते, तासांच्या विसर्गासाठी अर्जही करते. येत्या अष्टमीच्या भांगाला होडीतून तळाचे नमुने घ्यायचेत. डोह नेमके कुठे, सांगाल का?