कन्नड शिकताना प्रगतीची संचिका कशी ठेवावी? सल्ला हवा

बाळीवेसकर:
सोलापूरच्या नवी पेठेत माझे कापडाचे दुकान आहे. अक्कलकोट, इंडी, विजयपूर या भागांतील गिऱ्हाईक नेहमी येत असल्यामुळे कन्नड बोलणे मला बऱ्यापैकी समजते. वाचता-लिहिता मात्र येत नव्हते, म्हणून आता रीतसर शिकत आहे. मोबाइलवरचे अ‍ॅप रोज गुण देते, परंतु त्या गुणांवरून मला नेमके काय येऊ लागले आहे, याचा बोध होत नाही. संचिकेत काय ठेवावे, नोंद किती काळाने करावी आणि वही बरी की मोबाइल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षिका:
नमस्कार. युरोप परिषदेने 2001 साली भाषा शिकणाऱ्यांसाठी संचिकेचा जो नमुना प्रसृत केला, तो आपल्याला उपयोगी पडेल. त्याचे तीन भाग आहेत: आज कोणत्या भाषेत किती येते हे सांगणारे भाषा-पारपत्र, कुठे आणि कसे शिकलो याचे भाषा-चरित्र आणि प्रत्यक्ष कामाचे नमुने. या नमुन्याशी जोडलेल्या ए-1 (सर्वांत प्राथमिक) ते सी-2 (सर्वांत प्रगत) या सहा पातळ्यांचे स्वयंमूल्यमापन ऐकणे, वाचणे, संवाद, सलग बोलणे आणि लिहिणे अशा पाच कौशल्यांसाठी स्वतंत्रपणे करायचे असते. आपल्यासारख्या सोलापूरकराला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटेल, कारण ऐकण्यात पुढची पातळी आणि वाचण्यात अगदी पहिली, असे विषम चित्र तिथे सरळ मांडता येते.

पातळी ठरवताना ‘मला अमुक करता येते’ अशीच विधाने लिहावीत. उदाहरणार्थ, वेळापत्रकातून किंवा जाहिरातीतून हवी ती माहिती शोधता येणे हे वाचनाच्या ए-2 पातळीचे काम आहे. तेव्हा कलबुर्गीच्या गाडीचे कन्नड वेळापत्रक आपण वाचलेत, तर त्याचे छायाचित्र आणि त्यातून काय समजले हे दोन्ही तारखेसह ठेवावे. अभ्यासाचे तास मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

एक आग्रह मात्र धरते: लेखनाच्या नोंदी कन्नड लिपीतच कराव्यात. मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत कन्नड लिहिले, की ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांतला फरक पुसला जातो. शिवाय कन्नड जोडाक्षरात दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली जाते आणि काही अक्षरांचे तिथले रूप मूळ रूपाहून अगदी वेगळे असते. ही अडचण संचिकेत दिसलीच पाहिजे. चुका खोडू नयेत, दुसऱ्या शाईने खाली दुरुस्ती करावी. लेखनासाठी वही आणि बोलण्यासाठी मोबाइल, अशी सोपी विभागणी पुरे.

विणकर_पूर्वभाग:
माझी स्थिती उलटी आहे. घरात तेलुगू बोलतो, पण शाळा मराठी असल्यामुळे लिपी मोठेपणी शिकलो. मला भाषा-चरित्राचा भाग अधिक उपयोगी पडला. घरातली, पूर्व भागात कानावर पडणारी आणि वर्तमानपत्रातली तेलुगू मी वेगवेगळी नोंदवतो, नाहीतर छापील शब्द अडला की आपल्याला भाषाच येत नाही, असा उगाच समज होतो. आपणही दुकानात ऐकू येणारी कन्नड आणि छापील कन्नड यांचे रकाने वेगळे ठेवावेत.

बाळीवेसकर:
दोघांचेही आभार. बोलण्याची नोंद नेमकी कशी करावी, आणि ती तपासणारे कोणी नसेल तर?

निवृत्त_शिक्षिका:
दर तीन महिन्यांनी एकाच विषयावर, समजा ‘आज दुकानात काय घडले’ यावर, कागद न पाहता दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करावे. विषय बदलल्यास तुलना करता येत नाही. पहिले मुद्रण ऐकवत नसले तरी पुसू नये. मधली बेतास बात मुद्रणे मात्र खुशाल काढून टाकावीत, कारण सगळेच साठवले की संचिकेचे गाठोडे होते. तपासण्यासाठी शिक्षकच हवा असे नाही. आपल्या ओळखीच्या एखाद्या कन्नड भाषिक गिऱ्हाइकाला जुने आणि नवे मुद्रण तारखा न सांगता ऐकवावे, कोणते सहज समजले आणि कुठे अडखळायला झाले एवढेच विचारावे, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे.