बोअरचा पॉइंट : नारळ, लंबक की सर्व्हे? आणि हे 'युनिव्हर्स सांगतं' म्हणजे काय?

माळावरचा_दादा :
नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमचं डाळिंब आहे, टेंभू योजनेचं पाणी आमच्या वाडीच्या अलीकडंच थांबलंय, त्यामुळं विहीर आणि शेततळं यावरच सगळं चालतं आणि फेब्रुवारी सरला की विहीर तळ दाखवती. आता एक बोअर मारायचं ठरलंय पण पॉइंटवरनं घरात दोन पार्ट्या पडल्यात. वडिलांनी शेजारच्या गावचा पाणाड्या आणला होता, तो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात, त्यानं खालच्या बांधाला ओढ्याकडच्या अंगाला चुना टाकून खूण केलीय. दुसरीकडं आमचा मेव्हणा, पुण्यात आयटीत आहे, त्यानं ऑनलाइन डाउझिंगचा, म्हणजे लंबक नाहीतर सळया धरून पाणी शोधायचा, कोर्स केलाय. त्यानं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर आमच्या शेताचा सॅटेलाइट नकाशा उघडला, त्यावर लंबक धरला आणि फोन करून सांगितलं, दाजी वरच्या माळावर मारा, २२० फुटांवर पाणी आहे. कसं कळलं म्हणलं तर म्हणे आपलं सबकॉन्शस युनिव्हर्सशी जोडलेलं असतं, प्रश्न नीट विचारला की उत्तर येतं, अंतर हा भ्रम आहे. मग सुट्टीला इकडं यायला तुला पाच तास का लागतात असं विचारणार होतो पण बायको शेजारीच बसली होती.

आता चेष्टा बाजूला. मेव्हण्यानं मागं आला तेव्हा तांब्याच्या दोन एल आकाराच्या सळया माझ्या हातात दिल्या होत्या. बांधाजवळ गेलो आणि त्या आपोआप एकमेकीवर आल्या. शपथेवर सांगतो मी हलवल्या नाहीत. मग हे काय आहे? यात खरंच काही आहे का, आणि दोन्हीतला कुठला पॉइंट धरू, की सर्व्हे करून घेऊ? बोअर कोरडा गेला तर लाखभराला चुना, म्हणून विचारतोय.

उंबराखाली :
दादा, माझे आजोबा पाणाडे होते म्हणून लिहितो. पंचक्रोशीत नाव होतं. पायाळू, म्हणजे पायाकडनं जन्मलेले होते, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी नि धन दिसतं असं आमच्याकडं समजतात, हल्ली तर म्हणे ओ पॉझिटिव्ह रक्त लागतं, आजोबांच्या टायमाला रक्तगट कुणाला ठाऊक होता. पैसे घ्यायचे नाहीत. नारळ आणि टोपी-टॉवेल, बास. कडुलिंबाची बेचक्याची फांदी वापरायचे, ओलीच पाहिजे, वाळकी चालत नाही.

पण एक गोष्ट मी लहानपणी बरोबर हिंडताना बघितलीय ती सांगतो. फांदी हातात घेण्याआधी ते अर्धा दिवस नुसतं शिवार फिरायचे. कुणाच्या विहिरीला उन्हाळ्यात किती परस (पुरुषभर उंचीचं माप) पाणी असतं ते विचारायचे, ओढ्याचं वळण बघायचे, उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, हरळी उन्हाळ्यात कुठं हिरवी राहते, सकाळी कुठल्या पट्ट्यात जमीन गार लागते. मग कुठं फांदी. आणि फांदी वाकायची ती बहुतेक त्याच पट्ट्यात जिथं ते आधी दोनदा थांबलेले असायचे. मी हे वाईट अर्थानं म्हणत नाही. त्यांना स्वतःला मनापासून वाटायचं की फांदीच सांगते.

भूजल_वाला :
भूशास्त्र शिकलोय आणि भूजल सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं गेलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. उंबराखाली यांनी आजोबांचं जे सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, दकार्गल नावाचा अख्खा अध्याय जमिनीतलं पाणी शोधण्यावर आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असल्या खुणा त्यात आहेत. झाडं, वारुळं, मातीचा रंग, दगडाचा प्रकार. सगळ्याच खुणा आज तपासल्या तर टिकतील असं नाही, पण जमीन बघा हा विचार पक्का आहे.

तुमच्याकडं खाली डेक्कन ट्रॅप, म्हणजे थरावर थर बसलेला बेसाल्ट. वर माती-मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकाचा दगड, मग काळा पाषाण, मधे कुठंतरी गेरूचा लाल पट्टा, पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. पाणी मुरमात, मांजऱ्याच्या भोकांत आणि पाषाणाच्या भेगांत असतं, अखंड काळा पाषाण लागला की नुसता धुरळा. लोकांच्या डोक्यात जमिनीखाली नदी वाहते असं चित्र असतं, तसं नसतं. आणि परदेशातले लोक म्हणतात ना की कुठंही खणा पाणी लागतंच म्हणून डाउझर बरोबर ठरतो, ते नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत खरं, आपल्या पाषाणात पन्नास फुटांच्या अंतरावरचे दोन बोअर वेगवेगळे निघतात. म्हणून आपल्याकडं पॉइंटची एवढी धास्ती, आणि म्हणूनच पाणाड्याचा एक लागला की वीस वर्षं नाव निघतं, फेल गेलेल्याचं नाव कोण काढतो? तो तर शेतकऱ्याच्या नशिबावर जातो.

दोन पॉइंटचं म्हणाल तर शेत न बघता सांगणं बरं नाही, पण ओढ्याकडची खालची बाजू आणि उघडा माळ यात मी डोळे झाकून आधी खालची बाजू तपासीन. त्यात नारळाचा काही वाटा नाही. पाणी उताराकडं जमतं आणि तिथं मुरमाचा थर बहुधा जाड असतो, एवढंच.

स्फटिक_ताई :
सगळेच जरा एका बाजूने बोलताय म्हणून लिहिते. मी स्वतः लंबक वापरते, कोर्स केलाय. हे नुसतं पाणी शोधणं नाहीये हो. चैतन्य सगळीकडे एकच आहे, आपण, दगड, पाणी सगळं एकाच ऊर्जेची वेगवेगळी व्हायब्रेशन्स, आणि लंबक हा फक्त अँटेना आहे. आधी तीन प्रश्न विचारायचे असतात, मे आय, कॅन आय, शुड आय, परवानगी मिळाली तरच पुढे जायचं. माझा लंबक घड्याळाच्या दिशेने फिरला की हो, उलटा फिरला की नाही. माझी हरवलेली अंगठी मी असंच विचारत विचारत शोधली, कपाट का, हो, वरचा कप्पा का, नाही, करत करत हिवाळी कपड्यांच्या पिशवीत सापडली. याला योगायोग म्हणायचं का? आणि क्वांटममध्ये तर सिद्धच झालंय की दोन कण कितीही लांब असले तरी जोडलेले असतात. सायन्स आता कुठे तिथे पोचतंय.

तिरकस_तात्या :
ताई, अंगठीवर माझा पूर्ण विश्वास आहे. ती पिशवीत ठेवली कुणी? तुम्हीच. म्हणजे माहिती तुमच्या डोक्यात होतीच, वरच्या मजल्यावर आठवत नव्हती एवढंच, आणि बोटांनी ती बाहेर काढली. पण दादांच्या माळाखाली २२० फुटांवर काय आहे हे मेव्हण्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं तर लंबक ते आणणार कुठून? मला सगळा गुंता इथंच सुटतो असं वाटतं. हात मनातलं बोलून दाखवतो. उंबराखालींच्या आजोबांचा हात त्यांचं शिवाराचं ज्ञान बोलत होता. कोथरूडच्या हाताकडं बोलायला काही नव्हतं.

दादा, सळया तुम्ही हलवल्या नाहीत हे खरंच आहे, मुद्दाम हलवल्या नाहीत. एल सळी मुठीत अशी तोलून धरलेली असते की मनगट केसभर झुकलं की पुढचं टोक पार वळतं. बेचक्याची फांदी तर दोन्ही बाजूंनी ताणून धरतात, ती उलटायलाच टपलेली असते. बांधाजवळ काहीतरी होणार हे तुम्हाला माहीत होतं, बाकीचं स्नायूंनी केलं. फ्रान्समध्ये शेव्रूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, १०२ वर्षं जगला, त्याच्या काळात लंबकाचं फारच प्रस्थ होतं. त्याचा स्वतःचाच लंबक पाऱ्यावर धरला की झोके घ्यायचा आणि मधे काच सरकवली की थांबायचा. दुसरा कुणी असता तर तिथंच कोर्स काढला असता. ह्यानं स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मदतनिसाला सांगितलं मला न कळवता काच घाल नि काढ. झालं, काचेचा परिणाम गायब. १८३३ मध्ये त्यानं हे सगळं अँपियरला पत्रात लिहिलं, तोच आपला करंटवाला अँपियर. पुढं १८५२ मध्ये कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या हालचालींना आयडिओमोटर, म्हणजे मनातल्या कल्पनेनं नकळत होणाऱ्या, असं नाव दिलं.

आणि क्वांटमचं म्हणाल तर दोन कणांचं नातं असतं हे खरं, पण त्या नात्यातून निरोप पाठवता येत नाही, हेही त्याच क्वांटममध्ये सिद्ध आहे. कोर्समध्ये पहिलं अर्धं सांगतात, दुसरं अर्धं बहुतेक ॲडव्हान्स बॅचला.

स्फटिक_ताई :
टोमणे मारून सत्य बदलत नाही तात्या. आणि डोळे बांधून, शंका घेऊन तपासायला गेलं की ऊर्जा अडते, श्रद्धेने विचारावं लागतं. तुम्ही देवळात जाऊन देवाची परीक्षा घेता का?

भूजल_वाला :
ताई, श्रद्धेचा प्रश्न असता तर मी बोललोच नसतो. शांत बसून लंबकाकडं बघत स्वतःच्या मनाचा कौल घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्यात कुणाचं काही जात नाही. पण इथं एका माणसाचे लाखभर रुपये जमिनीत जाणार आहेत.

आणि तपासणी फक्त शंकेखोरांनीच केलीय असं नाही. १९८७-८८ ला जर्मनीत म्युनिकजवळ सरकारी पैशानं मोठा प्रयोग झाला, करणारे शास्त्रज्ञ डाउझिंगबद्दल चांगलं मत असलेलेच होते. सुमारे ५०० डाउझरमधून ४३ जण निवडले. एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून कुठंही सरकवायचे आणि वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेघेवर डाउझरनं सांगायचं पाइप कुठं आहे. ८४३ वेळा केलं. करणाऱ्यांनी जाहीर केलं की बहुतेकांना जमलं नाही पण थोड्या जणांना नक्की जमतंय. नंतर एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा मांडले. त्यातला जो सगळ्यात भारी डाउझर, तो दरवेळी डोळे मिटून रेघेचा मध्यबिंदू दाखवणाऱ्यापेक्षा सरासरी चार मिलिमीटर जवळ गेला होता. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर. तुमच्या बोअरचा खड्डाच साडेसहा इंचाचा असतो.

तिरकस_तात्या :
आणि 'कुणाचं काही जात नाही' हेही नेहमी खरं नसतं बरं का. इराकमध्ये एडीई ६५१ नावाची बॉम्ब शोधायची यंत्रं घेतली होती, कोट्यवधी डॉलर मोजून. प्लास्टिकची मूठ आणि तिच्यावर डुलणारी अँटेना, बॅटरीसुद्धा नाही, मूळ माल गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं म्हणून विकायचे. म्हणजे आपल्या एल सळईचीच बहीण. चेकपोस्टवर जवान ती हातात धरून गाड्या तपासायचे आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या आत जायच्या. विकणाऱ्या इंग्रज माणसाला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टानं दहा वर्षं ठोकली.

माळावरचा_दादा :
बापरे, हे माहीत नव्हतं. तर मंडळी मी एक उद्योग केला. आमच्या शिवारातल्या ज्या बोअरचं मला माहितीय, काही चालू काही कोरडे, त्यांच्या जागा नकाशावर नुसते आकडे टाकून मेव्हण्याला पाठवल्या आणि म्हणलं लंबक धरून सांग कुठला ओला कुठला सुका. सांगितले त्यानं, निम्मेशिम्मे बरोबर, रुपया वर उडवला असता तरी तेवढेच आले असते. तर म्हणतो दाजी तुमच्या मनात शंका होती ती मधे आली. म्हणलं बाबा मी आटपाडीत होतो, अंतर भ्रम आहे ते असं का? बायकोनं डोळे वटारले पण हसली.

वडिलांना मात्र काय सांगू? ते म्हणतात पाणाड्याचा मान राखला पाहिजे. आणि दुसरं, गावात एक मशीनवाला फिरतोय, जर्मनीचं मशीन आहे, स्क्रीनवर पाणी निळं दिसतं म्हणतो, ते सर्व्हेच आहे का?

भूजल_वाला :
निळं दिसणाऱ्या स्क्रीनपासून लांब राहा. रेझिस्टिव्हिटी सर्व्हे असतो त्यात जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात, अंतर वाढवत नेतात, आणि आकड्यांवरून खाली कुठला थर किती जाड असेल याचा अंदाज बांधतात. वेळ लागतो, घाम निघतो. तोही शंभर टक्के नाही, चिकण माती आणि ओला मांजऱ्या कधीकधी सारखेच आकडे देतात. पण अंदाज चुकला तर कशामुळं चुकला ते सांगता येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या, १९७२ पासून हेच काम करतात, तुमच्या गावच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी पण बघायला मागा. आणि २०० फुटांच्या खाली जायची घाई नको, कायद्यानं ६० मीटरच्या पुढं खोल विहीर धरतात आणि आपल्या दगडात तिथून पुढं पैसा जास्त नि पाणी कमी असाच अनुभव.

वडिलांचं सोपं आहे. पाणाड्यानं खूण केलीय त्याच पट्ट्यात सर्व्हेची पहिली रेघ टाकायला सांगा.

उंबराखाली :
हे बरोबर. आणि रिग, म्हणजे बोअरची गाडी, आली की नारळ फोडाच दादा, वडिलांना बरं वाटेल. रिगवाल्याला सांगा दर दहा फुटाला निघणाऱ्या कटिंगचा, म्हणजे दगडाच्या चुऱ्याचा, वेगळा ढीग लाव, एकात एक मिसळू देऊ नको. लाल पावडर निघाली की गेरू, भोकाभोकाची खडी निघाली की मांजऱ्या, काळं बारीक पीठ निघायला लागलं आणि निघतच राहिलं की एजंट कितीही म्हणला अजून पन्नास फूट जाऊ तरी थांबवायचं.

माळावरचा_दादा :
अर्ज देतो सोमवारी. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, किती फूट धरू? रिगवाला म्हणतो वीस फूट पुरं.

भूजल_वाला :
आधीच आकडा ठरवू नका. मुरूम संपून पक्का दगड लागला की त्यात दोन-तीन फूट केसिंग बसलं पाहिजे, नाहीतर वरची माती ढासळून मोटर अडकते. ओढ्याकडं मुरूम जाड निघाला तर तीस-चाळीस फूटही लागेल, तेवढे पाइप गाडीवर आहेत का ते आधीच विचारून ठेवा.