सुई टोचल्यावर

एकांनी विचारलंय की मुलगी एमबीबीएसला लागली, वॉर्डात रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर कॉलेज नेमकं काय करतं?

कॉलेजनुसार फरक पडतो, पण पहिली काही मिनिटं तिच्याच हातात असतात. साबण-पाण्याने जागा धुवायची, बस. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वर स्पिरिट ओतायचं नाही. सीनियर हमखास नेमकं हे चुकीचंच सुचवतात! मग लगेच कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, गाठायचा. एचआयव्हीसाठीच्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. रात्री दोनला या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायला सांगा.

खरं तर एचआयव्हीपेक्षा हेपॅटायटिस बी (कावीळ ब) जास्त सहज पसरतो. बाधित रुग्णाची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला धोका ३० टक्क्यांपर्यंत, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के. म्हणून हेपॅटायटिस बीच्या लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस पूर्ण करायचे आणि महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, तपासायचं. ही तपासणी बहुतेक जण टाळतात.

आणि सुईला टोपण परत लावायचं नाही. ती थेट पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात. नाहीतर ती पिशवीतून सफाईच्या मावशींच्या हातात घुसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्यांनाही हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, शिवाय वर्षातून एकदा तपासणी द्यायलाच हवी. कंत्राटी मावशींना ती मिळते का, हे कोणी विचारलंय तुमच्याकडे?