हापूसला जीआय मिळालं, पण पेटीतला आंबा कुठला हे कोण सांगणार?

नेरुळचा_चाकरमानी

गेल्या मे महिन्यात वाशीहून पाच डझनी पेटी आणली. वर ठळक अक्षरांत 'देवगड'. बायकोने पेंढा बाजूला करून आंबे गोणपाटावर मांडले आणि तळाचा कागद निघाला तो कानडी वर्तमानपत्राचा. आंबा वाईट नव्हता. पण साल जाड आणि नाकाशी नेल्याशिवाय वास येईना. सासूबाईंचं माहेर देवगड तालुक्यातलं. पहिली फोड खाऊन त्या एवढंच म्हणाल्या, "गोड आहे." त्यांच्या तोंडून हापूसला 'गोड आहे' म्हणजे नापास.

म्हणून हा धागा. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं अशी ही कायदेशीर नोंदणी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ बागायतदारांच्या संस्थांबरोबर अर्जदार होतं. कौतुकच आहे. पण अशा अर्जासाठी जो अभ्यास होतो तो बहुतेक कागद जमवण्याचा: जुने दाखले, माती, पाऊस, फळाचा आकार, रंग, साखर. नोंदणी झाली की पेढे वाटायचे आणि पुढच्या फळाच्या मागे लागायचं. घोलवडचा चिकू, वेंगुर्ल्याचा काजू, अलिबागचा पांढरा कांदा, बदलापूरचं जांभूळ, यादी वाढतेच आहे. मला एक सांगा, माझ्या पेटीतला आंबा देवगडचा की धारवाडचा हे ठरवणारी चाचणी कुठे आहे? ती बाजारात येईपर्यंत नवे अर्ज थांबवावेत आणि विद्यापीठांनी सगळा जोर तिथे लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुर्भे_गाळा

साहेब, कानडी पेपरवरून निकाल लावू नका. रद्दी किलोवर येते, कुठल्याही भाषेची. देवगडच्या आंब्याखाली मी स्वतः तेलुगू पेपर बघितलाय. उलट ज्याला फसवायचंय तो मराठी पेपर आठवणीने घालतो!

बाकी तुमची शंका खरी आहे, नाही म्हणत नाही. कर्नाटकचा माल आपल्याकडे क्रेटमधून येतो आणि काही जण तो लाकडी पेटीत पुन्हा भरतात. पण चाचणी कोण करणार आणि कधी? पहाटे गाडी लागते, सकाळी सौदा होतो, दुपारी माल भायखळा, ठाणे, पुणे गाठतो. रिपोर्ट येईपर्यंत आंबा लोकांच्या पोटात गेलेला असतो. आम्ही हातात घेऊन सांगतो. देठाजवळचा खांदा, सालीचा पातळपणा, अढीतून काढल्यावर येणारा वास. तीस वर्षांत चुकलो असेन, फार नाही.

आयसोटोप_वाली

तुर्भे भाऊ, तीस वर्षांचा हात न्यायालयात साक्ष म्हणून उभा करता येत नाही, अडचण तीच आहे. जीआय कायद्यात खोटा शिक्का लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. पण आंबा बाहेरचा होता हे सिद्ध करायला पुरावा लागतो. मी अन्नतंत्रज्ञानात पीएचडी करतेय, विषय आंब्याचा नाही, पण पद्धती त्याच.

लोक लगेच डीएनए म्हणतात. हापूसला त्याचा उपयोग नाही. हापूस कलमावर वाढतो. देवगडचं कलम धारवाडला लावलं तरी डीएनए तोच. डीएनएने वाण कळतं, गाव नाही. गाव कळायला झाडाने प्यायलेलं पाणी आणि खाल्लेली माती शोधावी लागते. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जड आणि हलक्या अणूंचं, म्हणजे आयसोटोपचं, प्रमाण समुद्रापासूनचं अंतर आणि उंची यांनुसार बदलतं. मातीतून झाडात येणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या आयसोटोपचं प्रमाण खालच्या खडकावर ठरतं. देवगड-रत्नागिरीचा जांभा बेसॉल्टवरचा आणि धारवाडकडचे खडक त्याहून कितीतरी जुने, म्हणजे फरक दिसायला हवा. युरोपात वाइन आणि मधासाठी ही पद्धत वापरतात. वासाच्या बाजूने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसवर चांगलं काम झालेलं आहे, वेगवेगळ्या भागांतल्या फळांची तुलनासुद्धा.

मग अडतं कुठे? नमुन्यांच्या साठ्यावर. पाचही जिल्ह्यांतून, दरवर्षी, शेकडो बागांची फळं गोळा करून मोजत राहावी लागतात, कारण एक वर्ष पाऊस लांबला की आकडे सरकतात. हे कंटाळवाणं काम आहे. यावर पेपर छापून येत नाही, बढती मिळत नाही, तीन वर्षांचा प्रकल्प संपला की फ्रीझर बंद. म्हणून नेरुळकर, तुमचा निष्कर्ष मान्य, पण दोष विद्यापीठाच्या आळसाचा नाही, पैसे कशाला मिळतात त्याचा आहे.

नौपाडा_ज्येष्ठ

थांबवा म्हणणं सोपं आहे हो. तुम्ही थांबलात की दुसरा पुढे जातो. गुजरातेतल्या वलसाडच्या हापूससाठी 2023 मध्ये अर्ज गेला, आणि त्यात नवसारी कृषी विद्यापीठ आहे. जुन्नरकडच्या शिवनेरी हापूसचाही अर्ज आहे. आपले बागायतदार हरकत घेताहेत ती कशाच्या जोरावर? 2018 च्या नोंदणीच्या आणि त्यामागच्या त्याच कागदी अभ्यासाच्या. ज्याला तुम्ही पेढे वाटणं म्हणता त्याला आमच्या पिढीत सातबारा नावावर करणं म्हणत. चोर येईल म्हणून घराला कुलूप लावतात, कुलूप फोडता येतं म्हणून दार उघडं ठेवत नाहीत.

नेरुळचा_चाकरमानी

काका, कुलूप लावलंय हे मान्य. पण किल्ली कुणाकडे आहे? आणि गंमत बघा, तिकडेही विद्यापीठ, इकडेही विद्यापीठ. प्रत्येकाने आपापल्या मातीचं वेगळेपण शास्त्रीय म्हणून सिद्ध करायचं. हा शोध झाला की वकालत? उत्तर आधी ठरलेलं आणि मोजमाप नंतर, असं संशोधन माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रकल्पातही व्हायचं, पण ते आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री करायचो.

नौपाडा_ज्येष्ठ

तुमच्या प्रकल्पावर कुणाचं पोट नव्हतं.

बदलापूर_पूर्व

यादीत आमच्या जांभळाचं नाव ज्या सुरात आलं ते टोचलं, म्हणून लिहितोय. आमच्या घरामागे दोन झाडं होती. जूनच्या तोंडावर आई आणि शेजारच्या मावशी पहाटे जांभळं वेचायच्या, पळसाच्या पानांच्या द्रोणात भरून स्टेशनबाहेर बसायच्या. एक द्रोण विकला जाईपर्यंत खालची फुटून पान जांभळं व्हायचं. ती जागा आता सात मजली इमारत आहे, नाव मात्र जांभूळवरून काहीतरी ठेवलंय.

जीआय मिळाल्यावर पहिल्यांदा कुणीतरी येऊन विचारलं, उरलेली झाडं किती आणि कुठे. झाडावर कुऱ्हाड पडायच्या आधी तलाठ्यापासून बिल्डरपर्यंत सगळे एक क्षण तरी थबकतात. तुमच्या हापूसला बनावट मालाची भीती आहे, आमच्या जांभळाला संपण्याची. सगळ्या फळांना एकच माप लावू नका. आम्हाला आयसोटोप नको, रोपं हवीत, चांगल्या झाडांची कलमं हवीत. ते काम विद्यापीठाचंच आहे.

साका_पीडित

बदलापूरकरांशी सहमत आणि पुढे जाऊन म्हणतो, मानांकनाच्या मागे विद्यापीठाने जाऊच नये. दापोलीच्या विद्यापीठाचं खरं नाव झालं ते वाणांमुळे. नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' काढला, साका नसलेला. साका म्हणजे काय ते इथल्या शहरी मंडळींना सांगतो: वरून आंबा सोन्यासारखा आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. बागायतदाराला हा साका, तुडतुडे, फुलकिडे आणि अवेळी पाऊस खातो, धारवाड नंतर. पण रत्ना कितीही चांगला असो, तो हापूस नाही, म्हणून हापूसच्या शिक्क्याचा त्याला काहीच फायदा नाही. म्हणजे विद्यापीठाने एका हाताने जे नवं काढलं त्याला दुसऱ्या हाताने मागच्या रांगेत बसवलं. यावर विचार करा.

आयसोटोप_वाली

साका भाऊ, मुद्दा भारी आहे, पण हे दोन विभाग वेगळे, माणसं वेगळी, पैसा वेगळ्या खात्यातून. वाण काढणाऱ्याला नमुने मोजायला बसवा असं कुणी म्हणत नाहीये.

बागेतून

मी देवगडचा, बहीण कळव्याला दिलीय, हंगामात ठाण्याला पेट्या घेऊन येतो. इथे बागायतदार कुणीच बोलेना म्हणून लिहितो.

जीआय विद्यापीठाला आणि संस्थांना मिळालं, पण मला ते नाव वापरायचं तर मला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. शुल्क 2020 मध्ये फक्त 10 रुपयांवर आणलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सातबारा जोडायचा. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. आजोबा, दोन वारलेले चुलते, त्यांच्या मुलांपैकी एक डोंबिवलीत, एक ऐरोलीत, एक आत्या जिचा पत्ता कुणालाच नाही. सह्या गोळा करता करता एक हंगाम गेला. हे कुठल्या प्रयोगशाळेत मोजणार?

आता देवगडच्या संस्थेने आंब्यावर लावायला क्रमांकाचे स्टिकर आणलेत. एका आंब्याचा क्रमांक दुसऱ्याला नसतो, काढायला गेलं की फाटतो, आणि गिऱ्हाईक मोबाइलवरून तपासू शकतं. हे आम्हाला परवडतं. आयसोटोप बाईंनी राग मानू नये, पण आमच्या आंब्याला आज चाचणी नको, ओळखपत्र हवंय.

आयसोटोप_वाली

राग कसला! पण स्टिकर देताना तुमच्या झाडांवर किती आंबे धरतात याचा अंदाज कोण घेतं? शंभर झाडांच्या बागेला पाचशे झाडांचे स्टिकर गेले तर ओळखपत्रही खोट्या हातात जाईल. तिथे तुम्हाला विद्यापीठ लागेलच.

तुर्भे_गाळा

हे मात्र शंभर टक्के. आणि अजून एक सांगतो, नोव्हेंबरात मालावीहून हापूस येतो आमच्या मार्केटला. विमानाने. कलमं कोकणातूनच गेलेली. त्याला कुणी देवगड म्हणत नाही, सरळ मालावी म्हणून विकतो आणि चांगला भाव मिळतो, कारण तेव्हा दुसरा नसतो. म्हणजे खरं नाव सांगूनही धंदा होतो. मग कर्नाटकचा माल कर्नाटक म्हणून विकायला लाज का वाटावी? भाव उतरतो म्हणून. आणि भाव का उतरतो? तुम्ही गिऱ्हाईक 'देवगडच द्या' म्हणून अडून बसता, वर दर मात्र कर्नाटकचा मागता.

नेरुळचा_चाकरमानी

आता यावर काय बोलू. माझी पेटी घेतानाही मी दीडशे रुपये पाडूनच घेतले होते.

नवे अर्ज थांबवा हे वाक्य मागे घेतो, बदलापूरकरांसाठी. हापूसपुरतं मात्र माझं म्हणणं तेच राहील: स्टिकर संस्थेने द्यावेत, पण बागेतलं उत्पन्न किती याचा अंदाज आणि बाजारातले नमुने उचलून तपासणं हे विद्यापीठाने दरवर्षी करावं आणि आकडे एप्रिलमध्येच जाहीर करावेत, जूनमध्ये नव्हे.

'बागेतून', या वर्षी ठाण्याला कधी येताय ते इथेच लिहा. स्टिकरवाला एक डझन घेईन. सासूबाईंना न सांगता पुढे ठेवतो आणि त्या काय म्हणतात ते कळवतो.

बागेतून

अक्षय्य तृतीयेच्या आधी नाही. यंदा मोहोर दोनदा आला, पहिला थंडीत जळला. आणि दर पाडायचा नाही हां.