विषय: ओपन इलेक्टिव्हला ७ च नावं झालीत, शुक्रवारपर्यंत काय करू?

प्रेषक: अनगोळचा भाऊ (दुबई)

नमस्कार मंडळी, लेकीचं सहाव्या सेमिस्टरचं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटचा निवडीचा विषय, अडकलंय. ती मेकॅनिकलला, तिला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा सेन्सरचा विषय पाहिजे, ऑफिसात म्हणतात ७ च पोरं आहेत, १० झाली नाहीत तर विषय चालणार नाही, दुसरा भरा. शुक्रवार शेवटचा. वहिनी, तुमच्या थोरल्याचं असंच काहीतरी झालेलं ना? इथनं कुणाला फोन करू तेच कळेना झालंय.

प्रेषक: खानापूरचे तात्या

आमच्या वेळी धारवाडहून कर्नाटक विद्यापीठाचा सिलॅबस यायचा, त्यात छापलंय ते वाचायचं, निवडायचं कुठलं काय. पोरीला मेकॅनिकलचाच एखादा सोपा विषय घेऊ दे की, मार्क तरी पडतील.

प्रेषक: टिळकवाडीच्या मॅडम

तात्या, तसं चालत नाही, म्हणून लगेच लिहितेय. व्हीटीयूत, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात, प्रोफेशनल इलेक्टिव्ह असतं ते आपल्याच ब्रँचच्या यादीतलं, आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या डिपार्टमेंटचंच घ्यावं लागतं, आपल्या डिपार्टमेंटचं घेताच येत नाही. ३ क्रेडिटचा विषय आहे, आठवड्याला ३ तास. १० ची अट स्कीममध्येच, म्हणजे विद्यापीठाच्या विषयांच्या कोष्टकातच, लिहिलेली आहे, त्यामुळे ऑफिसातल्या माणसाशी भांडून उपयोग नाही. पण भाऊ, त्याआधी दुसरंच बघा. जो विषय आधी झालाय, किंवा ज्याच्यासारखा विषय कोअरमध्ये (सक्तीच्या विषयांत) किंवा पुढच्या सेमिस्टरला आहे, तो ओपन म्हणून देत नाहीत. तिच्या स्कीममध्ये पुढे मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून असलेला विषय) असेल तर सेन्सरचा भाग तिथे येतोच, मग १० झाले तरी नकार येईल. दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून बघायला सांगा आणि तिच्या मेंटर सरांना आजच भेटू दे.

प्रेषक: शहापूरची वहिनी

भाऊजी, आमच्या थोरल्याचं राणी चन्नम्मा विद्यापीठाचं बीकॉम, ते तुम्हाला लागू नाही. तो २०२२ चा, म्हणजे एनईपीवाला (नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला), त्याला पहिल्याच वर्षी कॉमर्सबाहेरचं ओपन इलेक्टिव्ह होतं. धाकटा २०२४ चा, तोवर सरकारनं चार वर्षांचं रद्द करून परत तीन वर्षांची डिग्री केली, त्यामुळे दोघांचं कोष्टक वेगळं. मी थोरल्याची यादी बघून धाकट्याला विषय सांगत बसले आणि त्याचे चार दिवस गेले. म्हणून सांगते, शेजारच्या पोराचं बघू नका, आपल्या पोराचं ॲडमिशन कुठल्या साली ते बघा.

प्रेषक: वडगावचा दादा

मराठी घेता येत नाही का ओपन म्हणून? आमच्या पुतण्याला कन्नड घ्यावंच लागलं.

प्रेषक: टिळकवाडीच्या मॅडम

दादा, ते इलेक्टिव्हच नाही. कन्नड येतं त्यांना सांस्कृतिक कन्नड, येत नाही त्यांना बळके कन्नड, म्हणजे रोजच्या वापरापुरतं, १ क्रेडिटचं. इंजिनिअरिंगचं ओपन इलेक्टिव्ह विद्यापीठाच्या यादीतूनच घ्यायचं.

प्रेषक: निपाणीचे आप्पा, शिक्षण समिती

असे प्रश्न आधी समितीकडे यावेत असं मागच्या सभेत ठरलंय. मागं एका पोरानं इकडच्या सल्ल्यावर फॉर्म भरला आणि पुढे निस्तरायला आम्हालाच जावं लागलं.

प्रेषक: शहापूरची वहिनी

आप्पा, समितीची बैठक रविवारी आणि पोरीची मुदत शुक्रवारी. तोवर थांबायचं कसं?

प्रेषक: अनगोळचा भाऊ (दुबई)

मॅडम, फार उपकार झाले. मेकॅट्रॉनिक्स पुढे प्रोफेशनल इलेक्टिव्हच्या यादीत आहे, पण ते घ्यायलाच पाहिजे असं नाही, ती दुसरं घेणार आहे, मेंटर सर म्हणाले तसं लिहून दे, मी बघतो. नावं आता ९ झालीत, सिव्हिलच्या दोघी तयार झाल्या. एक कमी आहे. कुणाचं पोर त्याच कॉलेजात सहाव्याला असेल, इलेक्ट्रॉनिक्स सोडून कुठल्याही ब्रँचचं, तर आज रात्रीच कळवा, आणि त्यालाही आधी सिलॅबस बघायला सांगा. दुसरी पसंती म्हणून सिव्हिलवाल्यांचा एक विषय लिहून ठेवलाय. आप्पा, समितीला वेगळं मेल टाकतो.